नुओक, चा, थुओक : व्हिएतनामी पाला-पेयांच्या शब्दपत्रिका (प्रकल्प नोंदी)

४ मार्च २०२४, हनोई

आजपासून नोंदी. पाला, कळ्या, मुळं, बिया पाण्यात घालून व्हिएतनाममध्ये जे काही प्यायलं जातं, त्याच्या शब्दांच्या शंभर मराठी पत्रिका करायच्या आहेत. एका पत्रिकेवर एक शब्द : उच्चार, अर्थ, वनस्पती, करायची रीत, आणि घरात ते कशासाठी पितात. वाचणारे दोन प्रकारचे. कामानिमित्त इथे राहायला येणारी मराठी कुटुंबं, आणि आयुर्वेद शिकणारी मुलं. भाषेची बाजू पुण्यातली मैत्रीण तपासणार, वनस्पती आणि औषधांची मी.

सुरुवात नुकसानीने झाली. सध्या इथे ‘नोम’ चालू आहे. वसंतातली ही दमट हवा अशी की फरशीला घाम फुटतो आणि भिंती ओल्या होतात. मागच्या आठवड्यात आणलेल्या पाच पुड्यांपैकी तीन बुरसल्या. फेकून दिल्या. उद्या घट्ट झाकणाच्या बरण्या आणायच्या.

७ मार्च

लिपीचा निर्णय. व्हिएतनामी आज रोमन अक्षरांत लिहितात, पण आपल्या वाचकाला ती अक्षरं फसवतात. ‘टी-एच’ दिसलं की तो इंग्रजीसारखं वाचणार. खरा उच्चार मात्र आपला शुद्ध थ आहे, आणि त त्याहून वेगळा. देवनागरीत हे आपोआप जमतं. त्याहून मोठा आनंद म्हणजे ञ आणि ङ. शाळेत बाराखडी म्हणताना घोकलेली आणि नंतर जवळजवळ विसरलेली ही दोन अक्षरं इथे शब्दाच्या सुरुवातीला येतात. ङाय किउ (दवण्याच्या कुळातला एक कडू पाला), ञन-चन (याबद्दल पुढे). मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “अगं, ङ ला नोकरी लागली!”

सूर सहा. ते देवनागरीत लिहिता येत नाहीत, म्हणून प्रत्येक शब्दापुढे सुराचं वर्णन द्यायचं : सपाट, उतरता, चढता, वळणारा, तुटून चढणारा, दाबलेला. शिवाय प्रत्येक पत्रिकेला ध्वनिफीत.

ही रोमन लिपी घडवणारे जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रसारक) पोर्तुगीजांच्या वाटेनेच इथे आले होते. व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन असा कोश १६५१ मध्ये रोमला छापणारा आलेक्सांद्र द र्‍होद इकडे येण्याआधी गोव्यात राहून गेला होता. त्याच गोव्यात फादर स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन अक्षरांत छापलं गेलं होतं. प्रस्तावनेत एक परिच्छेद याला द्यायचा.

११ मार्च

आजचा दिवस क्रियापदांत गेला, आणि प्रकल्पाची चौकट तिथेच सापडली.

मी पत्रिकांवर सरसकट ‘उकळून प्यावे’ लिहीत होते. घरमालकीणबाईंनी ते ऐकलं आणि मान हलवली. त्या सत्तरीच्या, मूळ ङे आन प्रांतातल्या. मी त्यांना ‘बा’ म्हणते, म्हणजे आजी, आणि स्वतःला ‘चाउ’, म्हणजे नात. इथे ‘मी’-‘तू’ न म्हणता असंच बोलायचं असतं. बांनी टेबलावर चार वस्तू मांडल्या आणि प्रत्येकीचं क्रियापद सांगितलं.

फा : गरम पाण्यात मिसळणं. पुडीची पूड, कॉफी, सगळं ‘फा’.

हाम : उकळतं पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि थांबायचं. या शब्दाचा मूळ अर्थच रोखून धरणं. गाडीला ब्रेक लावण्यालाही हाच शब्द. पाण्यात पाला रोखून धरला की त्याचा गुण उतरतो.

नउ : स्वयंपाकासारखं शिजवणं. मोठ्या पातेल्यात ऊस, मक्याचे केस, गवताची मुळं घालून सरबताचं पाणी करतात ते ‘नउ’.

साक : आटवणं. औषधाचा काढा. मातीच्या भांड्यात, मंद आचेवर, मोजून. गंमत म्हणजे सहा सुरांतल्या चढत्या सुराचं नावही ‘साक’, आणि हा शब्द त्याच सुरात म्हणायचा.

हे लिहून घेताना मला आमच्या भैषज्यकल्पनेच्या (आयुर्वेदातल्या औषधं करायच्या शास्त्राच्या) तासाची वही आठवली. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट. हाम म्हणजे फांट. साक म्हणजे क्वाथ. रउ मा नावाची भाजी (आपली मंडूकपर्णी) इथे कच्ची वाटून, गाळून, साखर घालून गार पितात, तो स्वरस. हिमाला, म्हणजे रात्रभर गार पाण्यात भिजवण्याला, बांकडे वेगळा शब्द नव्हता.

पत्रिकांचा क्रम आता वनस्पतींच्या नावांनी लावायचा नाही. क्रियापदांनी लावायचा. एकच पाला ‘हाम’ केला तर पाहुण्यासमोर येतो आणि ‘साक’ केला तर आजाऱ्यासमोर. हे ज्याला कळलं त्याला अर्धा विषय कळला.

झालेल्या चौदा पत्रिका रद्द. पुन्हा लिहायच्या.

१५ मार्च

‘थुओक’ म्हणजे औषध, ‘ला’ म्हणजे पान. पानांचं औषध हवं म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीत ‘थुओक ला’ मागितलं, तर बाईंनी सिगारेटचं पाकीट पुढे केलं. ‘थुओक ला’ म्हणजे तंबाखू-सिगारेट. मला हवी होती ‘ला थुओक’. या भाषेत मुख्य शब्द आधी आणि विशेषण मागून. आपल्या ‘औषधी पाना’च्या बरोब्बर उलट. ही चूक आपला प्रत्येक माणूस करणार, म्हणून दोन्ही शब्द एकाच पत्रिकेवर शेजारी छापायचे. बंदुकीच्या दारूलाही, किडे मारायच्या फवाऱ्यालाही ‘थुओक’च म्हणतात, तेही तिथेच.

२६ मार्च

दिवसभर लान ओंग रस्त्यावर. जुन्या हनोईतली औषधी दुकानांची गल्ली. दारात पोती, आत छतापर्यंत लाकडी खण, आणि हवेत दालचिनी, ज्येष्ठमध, वाळलेल्या संत्र्याच्या साली यांचा मिळून एक वास, जो घरी आल्यावरही ओढणीला राहतो. रस्त्याला नाव आहे ते हाय थुओंग लान ओंग यांचं. अठराव्या शतकातले मोठे वैद्य ले हिउ चाक यांनी स्वतःसाठी घेतलेलं हे टोपणनाव. ‘लान ओंग’ म्हणजे आळशी म्हातारा; पद आणि मानाच्या मागे धावण्याचा आळस. १७८२ मध्ये राजपुत्राच्या आजारासाठी त्यांना राजधानीत बोलावलं गेलं, तो प्रवास त्यांनी लिहून ठेवला आहे.

दुकानात पहिला प्रश्न हाच येतो : ‘थुओक बाक’ की ‘थुओक नाम’? उत्तरेचं औषध, म्हणजे चिनी परंपरेचं; की दक्षिणेचं, म्हणजे आपल्या मातीतलं. इथली ‘दक्षिण’ म्हणजे चीनच्या दक्षिणेचा अख्खा व्हिएतनाम. चौदाव्या शतकातले भिक्षू-वैद्य तुए तिन्ह यांच्या नावावर सांगितलं जाणारं वचन प्रत्येक दुकानदाराला पाठ आहे : ‘नाम ज़ुओक ची नाम ञन’, दक्षिणेच्या औषधाने दक्षिणेची माणसं बरी करावीत. औषधांची नावं लोकांना लक्षात राहावीत म्हणून देशी भाषेत पद्यात बांधण्याचं कामही त्यांच्याच नावावर आहे. त्यांना १३८५ मध्ये चीनच्या मिंग दरबारात पाठवलं गेलं आणि ते परत आले नाहीत. मला या वचनात हट्टापेक्षा काळजी जास्त ऐकू येते. परसातला पाला गरिबाला परवडतो, उत्तरेहून आलेलं मूळ परवडत नाही.

आता ञन-चन. हनोईच्या फुटपाथवर बर्फ घातलेल्या चहाच्या शेजारी हे दुसरं तपकिरी पेय हमखास असतं. वास थोडा ओव्याकडे झुकणारा. यकृतासाठी चांगलं, अंगातली उष्णता काढणारं, असं लोक मानतात. शब्द चिनीतून आला. चिनी ग्रंथांत त्या नावाखाली दवण्याच्या कुळातली, आर्टेमिसिया, एक वनस्पती आहे. व्हिएतनाममध्ये मात्र त्या नावाने मिळते ती आडेनोस्मा, कूळच वेगळं. नाव प्रवास करून आलं आणि इथल्या झाडावर बसलं. आपल्याकडे रास्ना आणि शंखपुष्पी यांच्याबाबतीत हेच झालं आहे. प्रांत बदलला की बरणीतलं झाड बदलतं. म्हणून नियम : चिनी नावावरून वनस्पती ठरवायची नाही, बरणीतली फांदी बघून ठरवायची.

टपरीवाले यात गोडीसाठी ज्येष्ठमध टाकतात. रोज, महिनोन्‌महिने ज्येष्ठमध घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. पत्रिकेवर हे ठळक अक्षरात जाईल.

९ एप्रिल

एकवीस पत्रिका तयार. ध्वनिफिती सहा.

१८ एप्रिल

चाचणीसाठी दहा पत्रिका दक्षिणेत, सायगावात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला पाठवल्या होत्या. दोन ठिकाणी आम्ही चुकलो, आणि दोन्ही चुका गंभीर.

पहिली : ‘चे’. हनोईत ‘चे’ आणि ‘चा’ दोन्ही म्हणजे चहा. दोन्हींचं मूळ एकच चिनी अक्षर, वेगवेगळ्या काळात उचललेलं. आपला ‘चहा’ही त्याच गोतावळ्यातला. हनोईकर तर ‘चा’ असा म्हणतात की डोळे मिटले तर पुण्यात बसल्यासारखं वाटावं. दक्षिणेत तोच शब्द ‘ट्रा’ होतो. आणि तिकडे ‘चे’ म्हणजे चहा नव्हेच. त्या घरातल्या वहिनींनी ‘चे’ मागितला तेव्हा मुगाची डाळ, नारळाचं दूध आणि साखर घातलेली वाटी समोर आली. आपल्या खिरीच्या जातीचं गोड. हनोईतही ते गोड मिळतं आणि त्यालाही ‘चे’च म्हणतात, पण तिथे चहाचा अर्थही जिवंत आहे. पत्रिकेवर प्रांत लिहायलाच हवा होता.

दुसरी चूक भांड्याची. हनोईत ‘चेन’ म्हणजे चहाचा चिमुकला पेला, आणि भाताची वाटी म्हणजे ‘बात’. दक्षिणेत भाताची वाटी म्हणजेच ‘चेन’. वहिनींनी दुकानातून औषधाची पुडी आणली. दुकानदाराने सांगितलं ते तिकडचं ठरलेलं माप : तीन चेन पाणी घालून एका चेनचा आठ दशांश उरवायचा. वहिनींनी आमच्या पत्रिकेवरचा अर्थ वाचून तीन चिमुकले पेले पाणी घातलं. वीस मिनिटांत भांडं करपलं. निदान पोटात काही गेलं नाही.

त्यांना फोन करून माफी मागितली. मी उत्तरेची मापं देशभराची समजून बसले होते. रात्री बांना विचारलं, तर त्यांच्या ङे आनमध्ये वाटीला तिसराच शब्द आहे : ‘डॉइ’.

हिशेब करून पाहिला. दक्षिणेचं माप म्हणजे तीनातून पाऊण-एक वाटी, साधारण चतुर्थांश. उत्तरेत तीनाची एक, म्हणजे तृतीयांश. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार शार्ङ्गधर यांचा काढा सोळापट पाण्याचा आणि आठवा हिस्सा उरवायचा; आपल्या घरोघरी मात्र चौथा हिस्साच चालतो. तेव्हा सायगावचं माप आपल्या आजीच्या मापाला जास्त जवळ. विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत हे घालायचं.

२ मे

‘नॉङ’ आणि ‘मात’ या दोन पत्रिकांना सगळ्यात कमी वेळ लागला. नॉङ म्हणजे गरम, आणि अंगातली उष्णताही. लिची खाल्ली, तळलेलं खाल्लं, तोंड आलं, पुळी उठली : नॉङ. ‘आंबे बाधले, उष्णता झाली’ म्हणणाऱ्या वाचकाला यात काय समजवायचं? मात म्हणजे थंडावा देणारं. सायगावच्या गाड्यांवर कोहळ्याचं, उसाचं, मक्याच्या केसांचं पाणी मिळतं. आपल्याकडे वाळा, सब्जा, धने-जिरे.

‘मात गान’ मात्र अडलं. गान म्हणजे यकृत, आणि ‘यकृत थंड करणारं’ असं कोणी मराठीत बोलत नाही. आर्टिचोकच्या चहावर हे हमखास छापलेलं असतं. ती झाडं फ्रेंचांनी आणून डा लातच्या थंड डोंगरात लावली, नावही फ्रेंचवरून ‘आतिसो’. बोलण्यात ‘मोठ्या गानाचा’ माणूस म्हणजे धाडसी. मैत्रिणीने सुचवलं, “काळीज”. मटणवाल्याकडे कलेजी म्हणजे यकृतच, आणि हिंमतवाल्याचं काळीज मोठं आपल्याकडेही असतं. अर्थ म्हणून ‘यकृताला थंडावा देणारं’ आणि खाली काळजाबद्दल दोन ओळी.

२१ मे

वोइ. माझी सगळ्यात आवडती पत्रिका, म्हणून सावकाश लिहिते.

वोइचं झाड उत्तरेच्या खेड्यांत तळ्याकाठी वाढतं. जांभळाच्या कुळातलं, सिझिजियम, म्हणजे लवंगेचंही भावंड. चौकातल्या चहावाल्या को (को म्हणजे आत्या-मावशीच्या वयाची बाई) नाम डिन्हच्या. त्यांनी गावाहून कळ्या आणल्या आणि मला समोर बसवून केलं.

कळ्या वाळून हिरवट-तपकिरी झालेल्या, मिऱ्यापेक्षा जराशा मोठ्या, देठासकट. मूठभर घेऊन पाण्यातून एकदा काढल्या. मोठ्या पोटाची चिनीमातीची किटली, तिला ‘अम तिक’ म्हणतात. तिच्यात कळ्या, वरून खळखळतं पाणी, झाकण. मग ती किटली कापूस भरलेल्या वेताच्या टोपलीत ठेवून वरून टोपलीचं झाकण. अर्धा तास कोणी हात लावायचा नाही. ओतल्यावर रंग फिकट सोनेरी. पहिल्या घोटाला कडसर, मग जिभेच्या मागे हलकी लवंगेसारखी ऊब, आणि शेवटी गोडसर काहीतरी राहतं. वोइची पानंही पितात, पण ती आधी झाकून दडपून काळसर होऊ देतात. त्या क्रियेला ‘ऊ’ म्हणतात. पोरं झोपवताना पांघरूण घालण्यालाही ‘ऊ’.

कशासाठी पितात? जेवण पचायला, असं सगळे सांगतात. पण मी “हे औषध का?” विचारलं, तर को म्हणाल्या, “छे, पाणी आहे. नुओक वोइ.” नुओक म्हणजे पाणी, आणि नुओक म्हणजे देशही. दोन्हीला एकच शब्द.

म्हणून पत्रिकेवर नवा रकाना वाढवला : घरात याला काय म्हणतात? नुओक, चा की थुओक? वोइ पाणी आहे. कमळाच्या बीतला हिरवा कोंब झोपेसाठी ‘हाम’ करतात, तो चहा. ज्येष्ठमध-मुळांची पुडी औषध. मराठी अनुवादात मी सगळ्यांना ‘चहा’ म्हणत होते आणि वाचकासमोर दूध-साखर उभी राहत होती. हा रकाना नसता तर सगळं कोशकाम वाया गेलं असतं.

८ जून

पहाटे चारला हो तय, पश्चिम तळं. क्वांग आनमध्ये कमळाचा चहा मुरवतात. त्याचं क्रियापद ‘उओप’, म्हणजे मुरवत ठेवणं. फुलं सूर्य वर येण्याआधी खुडतात. शंभर पाकळ्यांचं म्हणतात ते गुलाबी कमळ. घरी आणून पाकळ्या दूर करायच्या आणि केसरांच्या टोकाला असलेले पांढरे कण वेचायचे. या कणांना ‘गाओ’ म्हणतात, म्हणजे तांदूळ. सुगंध सगळा या तांदळात. चहाची पत्ती आणि तांदूळ थरावर थर, मग वाळवणं, मग पुन्हा नवे थर. एक किलो चहाला हजाराच्या वर फुलं लागतात. एका आजींनी माझ्या तळहातावर एका फुलाचे तांदूळ ठेवले. चिमूटभरही नव्हते.

यात औषध काही नाही. तरी पत्रिका करणार.

१० जून

आज पाचव्या चांद्र महिन्याची पंचमी, तेत डोआन ङॉ हा सण. हनोईत सकाळी आंबवलेला भात आणि आलुबुखारे खातात. बांच्या गावाकडे मात्र आज दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, पाला खुडतात. अकरा ते एकची ती घटका, ‘ज़ो ङॉ’. तेव्हा खुडलेल्या पानात सगळ्यात जास्त गुण असतो अशी श्रद्धा. तो वाळवून वर्षभर पितात.

बांच्या भाचीने गावाहून व्हिडिओ कॉल केला. अंगणात सुपावर दहा-बारा प्रकारचा पाला पसरलेला, आणि बा इथून एकेका पानाचं नाव विचारत होत्या. मी लिहीत होते. सातव्या पानाला भाचीला नाव आठवेना. बांनी सांगितलं. आठव्यालाही.

त्या दोन पानांच्या पत्रिका बांच्या आवाजातच ध्वनिमुद्रित केल्या. दोन्ही नावं कोशात सापडली नाहीत.

२७ जून

धोक्याच्या पत्रिका. हा थू ओ, केस काळे ठेवणारं मूळ म्हणून प्रसिद्ध. परंपरेत ते काळ्या घेवड्याबरोबर शिजवून मगच वापरतात. तरीही त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पत्रिकेवर शब्द, प्रक्रिया आणि इशारा, मात्रा नाही. हाच नियम सगळ्या ‘थुओक’ रकान्यातल्या पत्रिकांना. मैत्रिणीचं मत होतं की विद्यार्थ्यांना मात्रा हवी. मी नाही मानलं. भांडं करपल्याची आठवण ताजी आहे.

‘साओ वांग हा थो’ची पत्रिकाही झाली : सोनेरी होईतो भाजायचं आणि स्वच्छ जमिनीवर ओतून झाकून निववायचं, म्हणजे आगीचा अंश जमीन ओढून घेते. मराठीत : ‘भाजून भुईला देणं’.

कारल्याची पत्रिकाही. उत्तरेत मुओप डांग, कडू दोडका. दक्षिणेत चिनीवरून खो क्वा. ‘खो’ म्हणजे कडू आणि कष्टही, ‘क्वा’चा दुसरा अर्थ सरणं. म्हणून नववर्षाला तिकडे भरलं कारलं करतात : कष्ट सरोत.

१३ जुलै

अठ्ठ्याण्णव पत्रिका पुण्याला गेल्या. दोन उरल्यात.

नव्व्याण्णवावी गवती चहाची. इथे तो ‘सा’, स्वयंपाकात रोजचा. आजाऱ्याला वाफ देताना त्याच्या जुड्या पातेल्यात घालतात. मी बांना आपल्या पद्धतीने करून दिला : आल्याचा तुकडा ठेचून, पाती कात्रीने कापून, वरून उकळतं पाणी, झाकण. ‘हाम’. दूध घातलं नाही. त्यांनी मराठी नाव विचारलं. मी सांगितलं, त्याचा अर्थ गवताचा चहा.

“यात चहा कुठे आहे?” बांनी झाकण उचलून आत बघितलं. आणखी अर्धा पेला घेतला आणि माझ्या वहीतल्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “लिही चाउ. नुओक सा.”

तसं लिहिलं.